सतरा मडक्यांची भिंत

लग्नाची भिंत रंगवायची ठरली, की साक्रीच्या पश्चिमेकडच्या दहा-पंधरा गावांत पहिलं नाव निघायचं ते मोहखेड्याच्या सुंदरबाईचं. दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती, हत्तीवर अंबारी, खाली भालदार-चोपदार, मधोमध नवरानवरीची नावं आणि एका कोपऱ्यात हमखास एक वाघ. लग्नाच्या भिंतीवर वाघ कशाला, असं कोणी विचारलं तर ती ब्रश न थांबवता म्हणायची, "पाव्हना जास्ती दिवस ऱ्हावाले नको म्हनीसन."

तिचा नवरा झुलाल चुना मारण्याची कामं घ्यायचा. तिनं सुरुवात केली ती त्याची बादली धरून. एका लग्नात शहरातून आणलेला पेंटर अर्धा घोडा काढून पसार झाला आणि उरलेला अर्धा सुंदरबाईनं पुरा केला. घोड्याचं तोंड गाईसारखं झालं होतं. वरात दारात आली तशी लोक हसून हसून बेजार झाले, पण पुढच्या लग्नाला बोलावणं तिलाच आलं. हे १९८१ साल. तेव्हापासून झुलालनं भिंत पांढरी करायची आणि तिनं रंगवायची, अशी वाटणी ठरून गेली.

हत्ती-घोडे सगळे पाहायचे. एक गोष्ट मात्र कोणी पाहत नसे. हत्तीच्या झुलीवर, नाहीतर वाघाच्या पोटाखाली, ती प्रत्येक भिंतीवर एक बारीक खूण काढायची. तीन थेंब आणि त्यांच्याखाली आडवी फणी. कोणाची नजर गेलीच तर त्याला ती नक्षी वाटायची.

ती नक्षी नव्हती. ती तिच्या आईची, तानुबाईची खूण होती.

तानुबाई मोहाची दारू गाळायची. आज हे वाक्य ऐकताना कसंतरी वाटतं, पण त्या मुलखात एके काळी ते सुईणीच्या किंवा कुंभारणीच्या कामासारखं काम होतं, आणि ते बायकांचं होतं. चैत्रात पहाटे मोहाची फुलं वेचायची, वाळवायची, मडक्यात भिजत घालायची आणि मडकं नाल्याच्या ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरायचं. फुलं आंबली की चुलीवर चढवून वरच्या नळीतून थेंब थेंब उतरवायचं. पहिली जी धार पडते ती कोणी प्यायची नाही. ती शिवेवरच्या देवाला. लग्नाची वरात शीव ओलांडायच्या आधी गाळणारीनं स्वतःच्या हातानं ती धार जमिनीवर सोडायची आणि गेलेल्या माणसांची नावं घ्यायची. नवरा कोणत्याही जातीचा असो, पाटलाचा असो, धारेशिवाय त्याची गाडी शिवेबाहेर जात नसे. मान गाळणारीचा होता. तिला लुगडं मिळायचं.

एकाच नाल्यात सहा-सात बायकांची मडकी पुरलेली असायची. कोणाचं कोणतं हे कळावं म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली. पाण्यानं पुसू नये म्हणून ती गेरूत मोहाच्या बियांचं तेल कालवून काढायची. तेलातला तो रंग वाळूत, पाण्यात वर्षानुवर्षं तसाच राहायचा. मडकं लेकीला किंवा सुनेला द्यायचं झालं, तर जुनी खूण पहिल्या धारेत भिजवलेल्या फडक्यानं पुसायची. नुसतं हलकं फिरवलं की गेरू सुटून यायचा. लहानपणी सुंदरला ती जादू वाटायची. "माय, पाण्यावरी कसं नही निंघत?" ती विचारायची. तानुबाई सांगायची, "पानी परकं शे. धार त्याच झाडनी शे. आपलं मानूसच आपली खूण पुसू शकस."

१९७३ साली, दुष्काळाच्या उन्हाळ्यात, मोहखेड्याला देशी दारूचं परवाना असलेलं दुकान उघडलं. दुकान रुपचंद नानांचं. तेव्हा ते नाना नव्हते, रुपचंदच होते, तिशीतले. घरची शेती होती, बोलणं गोड होतं आणि हातात बाराही महिने काळी छत्री असायची. उन्हात छत्री, पावसात छत्री, आणि ढग असो-नसो, बगलेत मिटलेली छत्री. पंधराव्या वर्षापासून ते तानुबाईच्या दाराशी यायचे. "मावशी, घोटभर दे," म्हणत ओट्यावर बसायचे. मडकी कुठे पुरतात, फुलं कधी उतरतात, हे त्यांना घरच्या माणसासारखं ठाऊक होतं.

दुकान उघडलं, पण तिथं कोणी फिरकेना. तानुबाईची सोडून शिक्क्याची बाटली कोण घेणार? पंधरा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, नाल्यात पोलीस उतरले. पुढे रुपचंद होते. ते पंच म्हणून आले होते.

दहा वर्षांची सुंदर करवंदीच्या जाळीमागे होती. तिनं जे पाहिलं ते तिनं आयुष्यात कोणाला रंगवून सांगितलं नाही, फक्त शेवटी रंगवलं. रुपचंदनं छत्री मिटली. तिचं टोक वाळूत खुपसत ते नाल्यातून चालू लागले. इथं खुपस, तिथं खुपस. ठक् असा आवाज आला की ते थांबायचे आणि म्हणायचे, "हाई एक." पाच बायका पळाल्या. तानुबाई पळाली नाही. चुलीवर मडकं चढलेलं होतं आणि धार सुरू झाली होती. चालू धार सोडून उठायचं नसतं.

बाकीची मडकी जागेवर फोडली. एक मुद्देमाल म्हणून ठेवलं, आणि ते तानुबाईच्या डोक्यावर दिलं. कमरेला दोर बांधला. भर बाजारातून तिला तालुक्याच्या ठाण्यापर्यंत साडेतीन कोस चालवत नेलं. आंबलेलं पाणी तिच्या तोंडावरून ओघळत होतं. ज्यांच्या लग्नात तिनं धार सोडली होती ती माणसं दुकानांच्या पालाखाली उभी होती. कोणीतरी ओरडलं, "वरात निंघनी रे, वरात!" लोक हसले. रुपचंद छत्री उघडून सावलीत उभे होते.

आईमागोमाग आलेली सुंदर ठाण्याच्या दाराशी उभी होती. आत फौजदारानं विचारलं, "बाईचं नाव काय?"

"काय माहीत, साहेब," रुपचंद म्हणाले. "भट्टीवाली म्हनतस तिले."

पंधरा दिवसांनी तानुबाई परत आली. नंतर तिनं मडक्याला हात लावला नाही, आणि दोन वर्षांनी गेली. सगळ्या हालांपेक्षा सुंदरच्या मनात एकच वाक्य रुतून बसलं. काय माहीत, साहेब. पंधरा वर्षं जिच्या ओट्यावर बसून प्यायला, तिचं नाव त्याला माहीत नव्हतं. ते नाव त्याच्या तोंडून काढायचं, आणि चार लोकांत काढायचं, एवढीच तिची मागणी होती. ती तिनं देवाकडेही केली नाही. देवावर काम सोपवलं की ते लांबतं, असं तिचं मत होतं.

भिंती रंगवायला गावोगाव फिरताना ती घरातल्या म्हाताऱ्यांजवळ बसायची आणि हळूच विचारायची, "आजी, तुम्हना गावमा कोन गाळे?" आधी म्हाताऱ्या पदर तोंडाला लावायच्या. सुना ऐकतात की काय, म्हणून इकडेतिकडे बघायच्या. मग एखादी बोट ओलं करून सारवलेल्या जमिनीवर एक आकृती काढायची आणि लगेच हातानं पुसून टाकायची. भिकुबाईची खूण दोन विळे. प्रमिलाबाईची विंचवाची नांगी. कुंदाबाई नावाची एक होती, तिची खूण नुसतं एक भोक पडलेलं पान. सुंदरबाई लिहायला शिकलेली नव्हती, नवरानवरीची नावंही कागदावरून पाहून उतरवायची, पण पाहिलेली रेघ विसरत नसे. आठ वर्षांत सोळा खुणा जमल्या. आईची धरून सतरा. त्या सतराजणींपैकी जिवंत दोघीच होत्या, आणि त्या दोघींच्या नातवंडांनाही आजी काय करत असे ते ठाऊक नव्हतं.

१९८९च्या वैशाखात रुपचंद नाना स्वतः तिच्या अंगणात आले. मोठ्या मुलाचं, पंडितचं लग्न ठरलं होतं. मुलगी भडगावची, गिरणाकाठची. आता नाना पन्नाशीला टेकले होते. पोट सुटलं होतं, गावकीत मान होता. छत्री तीच नव्हती, पण तशीच काळी होती.

"सुंदरबाई, बाजाराकडची आख्खी भिंत रंगवायची," ते म्हणाले. "भडगाववाले पाहतच राहिले पाहिजेत. जुनी पद्धत पाहिजे. काय काढशील?"

झुलालनं घाबरून बायकोकडे पाहिलं. आता ही ह्यांच्या अंगावर चुन्याची बादली ओतते, असंच त्याला वाटलं असावं. सुंदरबाई पदर सावरून म्हणाली, "कलश लिसन बायका काढू, नाना. वरातना म्होरे. सतराजणी."

"सतराच का?"

"भिंत तेवढी लांब शे."

नाना खूश झाले. सवाष्णी, डोक्यावर कलश, म्हणजे शुभच. जाताना त्यांनी विचारलं, "तू कोणाची गं? माहेर कुठलं?"

"ह्याच गावनी शे मी."

"अस्सं," म्हणून ते गेले. त्यांना आठवलं नाही, की त्यांनी आठवू दिलं नाही, हे सांगता येत नाही. तिला मात्र तो प्रश्न चटका लागल्यासारखा झोंबला. झुलाल म्हणाला, "सोडी दे ना काम. आपले काय कमी शे का?"

"हाऊ काम मी सोळा वरीस पासून धरेल शे," ती म्हणाली. "तू फक्त चुना चांगला घोट."

इथं त्या भागातला एक रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. भिंत रंगवणारी सगळं चित्र आधी करते, पण थोडी जागा कोरी ठेवते. हळदीच्या दिवशी ती जागा भरायची. ती भरली की नवऱ्याच्या आईनं दोन्ही हात हळदीत बुडवून भिंतीवर पंजे उमटवायचे. पंजे उमटले की भिंत 'लागली'. मग नवी सून पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाऊन झोका खेळून परत येईपर्यंत त्या भिंतीला चुना लावायचा नाही, फडकं लावायचं नाही, चित्र झाकायचंसुद्धा नाही. झाकलं तर जोडप्याच्या संसारावर झाकण पडतं. नानांनी घाईत मुहूर्त धरला होता तो आखाजीनंतरचा. म्हणजे पुढची आखाजी यायला जवळजवळ वर्ष होतं.

सुंदरबाईनं हे बोटांवर मोजून ठेवलं होतं.

आठ दिवस ती बाजाराच्या भिंतीशी उभी राहिली. देवपूरच्या दुकानातून आणलेली नीळ, गेरू, पिवळी माती, डिंकाचं पाणी. सतराजणी उभ्या राहिल्या. एकीचं लुगडं दुसरीसारखं नव्हतं. एक वाकलेली, एक पोटुशी, एक हसणारी, एकीच्या पायात काटा मोडलेला. डोक्यावरचे कलश मात्र कोरे होते, आणि शेवटच्या बाईमागे हातभर जागा कोरी होती. नाना रोज संध्याकाळी यायचे, छत्रीच्या टोकानं दाखवायचे. "हिचं नाक जरा बरं कर." छत्रीचं टोक भिंतीला लागायचं तेव्हा सुंदरबाईच्या पाठीवरून मुंगी गेल्यासारखं व्हायचं. ती नाक बरं करायची.

"कलशांवर काहीच नाही?"

"नक्षी हळदना दिवशी, नाना. रिवाज शे."

हळदीच्या दिवशी दुपारी नाना बँडवाल्यांना आणि भडगावच्या मंडळींना घ्यायला धुळ्याला गेले. सुंदरबाईनं कमरेची डबी काढली. मोहाच्या बियांचं तेल तिनं स्वतः काढलं होतं. त्यात गेरू कालवला आणि पहिल्या कलशावर दोन विळे काढले. दुसऱ्यावर नांगी. तिसऱ्यावर भोक पडलेलं पान. सतरावी बाई तानुबाई होती. तिच्या कमरेला दोर काढला, मडक्यावर तीन थेंब आणि फणी. तोंडावरून ओघळणारं पाणी काढलं. मग मागच्या कोऱ्या जागेत एक माणूस काढला. धोतर, टोपी, गोड चेहरा, आणि हातात मिटलेली काळी छत्री, टोक वाळूत खुपसलेलं. तो माणूसही तेलातच काढला. त्याच्यामागे शिपायाचं नुसतं निळं डोकं, पाण्याच्या रंगात. शिपायाशी तिचं फार भांडण नव्हतं.

ब्रश खाली ठेवला तेव्हा मागे नानांची बायको केसरबाई उभी होती. हातात हळदीचं ताट होतं. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

केसरबाई कमी बोलायच्या. त्या लग्न होऊन मोहखेड्याला आल्या तेव्हा शिवेवर त्यांच्या गाडीपुढे धार तानुबाईनंच सोडली होती. पुढे दुकान चालू लागलं. केसरबाईंचा धाकटा भाऊ छगन बहिणीकडे म्हणून यायचा आणि दुकानातच पडून राहायचा. चौतिसाव्या वर्षी तो तिथल्याच बाकड्यावर गेला. नानांनी पाहुण्यांना सांगितलं, काविळीनं गेला.

केसरबाईंनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. सतराव्या मडक्याशी थांबल्या. मग छत्रीवाल्याशी थांबल्या.  आता एक फडकं फिरवलं की संपलं, तेल ओलं होतं.

"दांडा वाकडा काढेल शे व तू," केसरबाई म्हणाल्या. "त्यासनी छत्रीना दांडा सरळ शे."

सुंदरबाईनं दांडा सरळ केला.

केसरबाईंनी दोन्ही हात मनगटापर्यंत हळदीत बुडवले आणि छत्रीवाल्याच्या डोक्याच्या बरोबर वर दोन पंजे उमटवले. दाबून उमटवले. हळद त्याच्या टोपीवर ओघळली. मग त्या आत गेल्या आणि बायकांना म्हणाल्या, "गानं म्हना व, गप काय बठन्यात?"

नाना भडगाववाल्यांना घेऊन परतले आणि वरात भिंतीपुढे आली तेव्हा बँड वाजत होता. पहिल्यांदा ओळखलं ते उखर्डू आबांनी, नव्वदीच्या म्हाताऱ्यानं, ज्याला बाकी काही दिसत नसे. ते काठी टेकत भिंतीजवळ गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "अरे, हाई तर तानुनं मडकं! आनि हाऊ..." त्यांनी वळून नानांकडे पाहिलं, नानांच्या बगलेतल्या छत्रीकडे पाहिलं, आणि तोंडात दात नसताना असे हसले की बँडवाल्याचा सूर चुकला. हसणं वरातीतून मागे मागे सरकत गेलं. भडगाववाले विचारत होते, काय झालं, काय झालं. त्यांना सांगायला माणसं तयारच होती.

नानांनी सुंदरबाईला मांडवामागे गाठलं. चेहरा काळानिळा झाला होता.

"हाई काय शे?"

"मानूस शे, नाना. छत्री लिसन उभा शे."

"कोन मानूस?"

"व्हई कोनीतरी. नाव लिखेल शे का? तुम्ही वळखतस का त्याले?"

 ओळखतो म्हणावं तर कबुली, नाही म्हणावं तर रागवायचं कशासाठी?

"आत्ताच्या आत्ता पूस."

"मी कशी पुसू? घरधनीननी हात उमटाडात." ती शांतपणे म्हणाली. "पंडितभाऊना संसार शे, नाना. तुम्हीन म्हनत असशात तर पुसस. पन आख्ख्या गावनं म्होरे तुम्हीन सांगा. म्हना, हाऊ मी शे, आनि ती तानुबाई शे, म्हनीसन पूस."

 आतून केसरबाईंनी हाक मारली, नवरदेवाला ओवाळायचं होतं.

त्या वर्षीचा प्रत्येक बाजार त्या भिंतीपुढे भरला. भाजीवाल्या बायका मुद्दाम तिथं बसायच्या. कोथिंबीर घ्यायला आलेली बाई जुडी हातात घेऊन विचारायची, "ही वाकेल कोन व?" आणि कोणीतरी म्हातारी सांगायची. ज्या नावांना म्हाताऱ्या पदराआड लपवत होत्या ती आता कोथिंबिरीबरोबर घरोघर जाऊ लागली. एक कॉलेजातली पोरगी वहीत खुणा उतरवून गेली. कौतिक न्हावी दाढी करताना म्हणायचा, "कशी ठेवू नाना, छत्रीवालानागत का?" आणि लगेच जीभ चावायचा.

नानांनी भिंतीपुढे कडब्याची गाडी उभी केली. केसरबाईंनी गडी बोलावून ती हलवली. "झाकाले नको," एवढंच म्हणाल्या. मग नानांनी वेगळाच उपाय केला. त्यांनी छत्री बाळगायचं सोडलं.

तीच त्यांची चूक झाली. श्रावणात ते भिजत बाजारातून चालले आणि अख्खं गाव ओसरीत उभं राहून पाहत होतं. छत्री हातात होती तोवर गोष्ट गमतीची होती. छत्री टाकली आणि ती खरी ठरली. उखर्डू आबा म्हणाले, "पंच व्हता तो. आते स्वताच सही करी टाकी."

सुंदरबाईनं त्यांना भिजताना पाहिलं. ती झुलालला म्हणाली, "आजून भिजू दे."

१९९०ची आखाजी आली. भडगावहून सुनेला न्यायला मुऱ्हाळी आला, सून माहेरी जाऊन झोका खेळून, चार दिवसांनी आनंदात परत आली. पोटात बाळ होतं. त्याच दिवशी दुपारी नानांनी दुसऱ्या गावचा माणूस आणून भिंतीवर चुन्याचे दोन हात मारले. सतराजणी गेल्या. भालदार गेले, वाघ गेला, शिपायाचं डोकं गेलं. संध्याकाळी भिंत पांढरीशुभ्र होती आणि नाना खूप दिवसांनी ओट्यावर बसले.

तेलावर चुना बसत नाही. आठ दिवसांत तेवढ्या तेवढ्या जागी चुन्याचा पापुद्रा धरला आणि बाजाराच्या दिवशी गळून पडला. बायका दिसत नव्हत्या, लुगडी दिसत नव्हती. पांढऱ्या भिंतीवर हवेत टांगल्यासारख्या सतरा खुणा होत्या, आणि त्यांच्या शेवटी छत्रीवाला माणूस. त्याच्या डोक्यावर हळदीचे पंजेही पिवळट उमटून आले होते.

पुन्हा चुना. पुन्हा पापुद्रा. रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं, तर खुणांना काही झालं नाही, छत्रीचा काळा रंग तेवढा पसरला आणि छत्री आधीपेक्षा मोठी झाली. सिमेंट लावलं, ते मातीसकट ढलप्यानं निघालं. तेल मातीत खोल मुरलं होतं. भिंत पाडावी म्हटलं तर वर धाब्याचा सगळा भार, आणि केसरबाई म्हणाल्या, "मना हात शेतस त्या भिंतवर. पाडा, मी भाऊना गावले चालनी." भाऊ तर उरलाच नव्हता. नानांनी भिंत पाडायचा विषय सोडला.

१९९१च्या वैशाखात, भर दुपारी, नाना सुंदरबाईच्या अंगणात आले. डोक्यावर ओला टॉवेल होता, छत्री नव्हती. धाकट्या मुलीला पाहायला जळगावहून, मेहरूणहून मंडळी येणार होती. आधीच्या दोन स्थळांनी बाजारात भिंतीपुढे चहा घेतला होता आणि ती परस्पर निघून गेली होती.

ओट्यावर झुलाल होता, शेजारच्या दोन बायका भुईमूग फोडत होत्या. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी उठून जावं असं त्यांना वाटत होतं. कोणी उठलं नाही.

"ते कशानं निघतं?" त्यांनी विचारलं.

"काय, नाना?"

"तुला माहीत आहे काय ते."

सुंदरबाईनं सूप खाली ठेवलं. तिनं ठरवलं असतं तर खोटं सांगता आलं असतं. तिनं खरं सांगितलं, कारण खरं तेच जास्त झोंबणार होतं.

"निंघस ना. मोहानी पहिली धार. तिन्हामा फडकं भिजाडानं आनि हलकं फिरावनं."

नानांचा चेहरा उजळला. "दुकानात..."

"दुकानवाली चालत नही. पानी ऱ्हास तिन्हामा. घरनी पाहिजे. मडकामा आंबेल, वाळूमा पुरेल."

"मग मिळेल की कोणाकडे. कोण गाळतं आता?"

भुईमूग फोडणाऱ्या बायकांचे हात थांबले.  सुंदरबाईला बोलायची गरज नव्हती. आजूबाजूच्या पंधरा गावांत कोणी गाळत नव्हतं, आणि ते का, हे अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ते नानांनाही हळूहळू समजत गेलं, तसा त्यांचा उजळलेला चेहरा विझला.

मग ते खाली बसले. ओट्यावर नाही, ओट्याखाली, मातीत.

"तू तानुबाईची पोर," ते म्हणाले. "तुला येतं. तानुबाईसारखं दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. मी पीत होतो ना, मला माहीत आहे. मीच दाखवली मडकी. छत्रीनं दाखवली. झालं? एकदा गाळ. एकच मडकं. पोलिसांचं मी पाहतो, कोणी येणार नाही."

अठरा वर्षांनी त्या तोंडातून ते नाव निघालं होतं. दोनदा, आणि चार माणसांसमोर. हे झालं की आपलं काम संपेल, असं सुंदरबाई दहा वर्षांची असल्यापासून धरून चालली होती. ती वाट पाहत राहिली, आत काही सैल होतं का. नाही झालं. कुठेच काही सैल झालं नाही. तिला फक्त ठक् असा आवाज ऐकू आला, वाळूतला.

"येतं माले," ती म्हणाली. "बठ्ठं येतं. फुलं कवय उतरतस, आंच किती ठेवानी, धार कवय धरानी, बठ्ठं."

"मग?"

"गाळनार नही."

"सुंदरबाई..."

"तुम्हीन मायनी धार चालू असताना तिले उठाडं, नाना. उठानं नसतं चालू धार सोडीसन. ती तशीच ऱ्हायनी." तिनं सूप उचललं. "आते जा. ऊन कडक शे, आनि तुम्हनाजवळ छत्री बी नही."

नाना उठले. धोतराची माती झटकायला ते विसरले. अंगणातून, मग गल्लीतून, मग बाजाराच्या मोकळ्या जागेतून ते उघड्या उन्हात चालत गेले. भुईमूग फोडणाऱ्या बायकांनी मान उंचावून ते भिंतीपर्यंत जाईतो पाहिलं.

झुलालनं भुईमुगाची टरफलं बाजूला सारली. मग त्यानं विचारलं, "एक मडकं गाळती तर काय व्हतं? त्यानी नाव तर लिधं."

"लिधं," सुंदरबाई म्हणाली. "भिंत पुसाले लिधं."

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावात लग्नाची भिंत होती. तिनं डबीत गेरू घेतला, तेल घेतलं. हत्ती काढला, घोडा काढला, आता त्याचं तोंड घोड्यासारखंच व्हायचं. आणि वाघाच्या पोटाखाली, जिथं आजवर एकच खूण असायची, तिथं सतरा खुणा काढल्या. एकीजवळ एक, वाळूत पुरल्यासारख्या, गळ्यापर्यंत.